घरात पहिल्यांदाच मांजर आणलंय? आधी एक वही आणि वजनकाटा घ्या

आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरात मांजर नाही असा काळ मला आठवतच नाही. पण ती "पाळलेली" होती असं कोणी म्हणायचं नाही, ती आपली असायची, दुपारी सगळ्यांची जेवणं झाली की बांगड्याची डोकी आणि कढीत (म्हणजे माशाच्या आमटीत) कालवलेलं शीत (भात) पडवीच्या कोपऱ्यात ठेवायचं आणि संपलं. मनी ही पहिली जी घरात राहिली, माझ्या पायाशी झोपली, ११ वर्षांची झाली. एकदा डिसेंबरात तिला उचललं तर हाताला एकदम हलकी लागली. दवाखान्यात काट्यावर २.९ किलो आली आणि तिच्या लसीच्या कार्डावर दोन वर्षांपूर्वीचं वजन लिहिलेलं होतं ४.२ किलो. डॉक्टरांनी विचारलं वजन कधीपासून उतरतंय, पाणी जास्त पितेय का, शू वाढलीये का, आणि मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. रोज माझ्या डोळ्यासमोर असलेलं मांजर. किडन्या गेल्या होत्या, त्यानंतर चार महिने राहिली.

मांजर आजार लपवतं. दुखत असलं तरी रडत नाही, फक्त कपाटामागे जाऊन बसतं, आणि अंगावर केस असल्यामुळे बारीक झालेलं पटकन दिसत पण नाही. म्हणून आता माझ्याकडे जी दोन आहेत, तांबडो बोका आणि टिकली, त्यांची मी वही ठेवते. पहिल्यांदा मांजर आणणारे बरेच जण मला विचारतात काय काय करायचं, तर जे करून बघितलंय आणि डॉक्टरांकडून शिकलेय ते इथे क्रमाने लिहिते.

१. मांजर यायच्या आधी काय काय लागतं

फार खर्च नको, पण या वस्तू आधीच घरात असूदेत:

- कडक प्लास्टिकचा कॅरियर (मांजर न्यायची पेटी), शक्यतो वरून पण उघडणारा
- लिटर बॉक्स म्हणजे शी-शूचा ट्रे (मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी मोठा), त्यात घालायचं वाळूसारखं लिटर, खरवडायला चाळणीचा चमचा
- पाण्याची दोन-तीन पसरट भांडी, स्टीलची किंवा मातीची
- किचनमधला ग्रॅमचा काटा आणि माणसांचा डिजिटल वजनकाटा
- नखं घासायला काहीतरी. बाजारातली खांबं महाग वाटत असतील तर लाकडी वाशाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा, आपल्याकडे काथ्याला काय तोटा. फक्त खांब एवढा उंच हवा की मांजर पूर्ण ताणून उभं राहील, आणि हलता कामा नये
- एक साधी वही

फ्लॅट असेल तर बाल्कनीला आणि खिडक्यांना जाळी. मांजर पडत नाही, पडलं तरी पायावर उभं राहतं असं सगळे सांगतात. पडतं, आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून पडून जबडे आणि पाय मोडतात. जाळी आधी, मांजर नंतर.

२. पहिले तीन-चार दिवस एकच खोली

सगळं घर एकदम मोकळं सोडू नका. एक खोली द्या, त्यात एका कोपऱ्यात लिटर, दुसऱ्या कोपऱ्यात खाणं, आणि लपायला एक पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवा. ते खोक्यातून बाहेर येत नाही म्हणून ओढून काढू नका, शेजारच्या मुलांना बघायला बोलवू नका, तुम्ही नुसते जमिनीवर बसून तुमचं काम करा. कोण दोन तासात मांडीवर येतं, कोणाला आठवडा लागतो, टिकली सहा दिवस खाटेखालून बाहेर आली नव्हती आणि आज तीच दारात सगळ्यात आधी येते. कॅरियर पहिल्या दिवसापासून दार उघडं ठेवून त्याच खोलीत ठेवा, आत एक जुना टॉवेल घाला. हे आत्ता केलं तर पुढे दवाखान्यात न्यायच्या दिवशी घरभर पळापळ होत नाही.

एकच गोष्ट बघायची, २४ तासात काही खाल्लं का. लहान पिल्लू असेल तर १२ ताससुद्धा उपाशी चालत नाही.

३. पहिल्याच आठवड्यात डॉक्टर

तब्येत चांगली दिसत असली तरी न्या. तालुक्या-तालुक्यात पशुसंवर्धन खात्याचे सरकारी दवाखाने आहेत, पणजीजवळ टोंक-करंजाळ्याला आणि मडगावजवळ सोनसोड्याला सरकारी इस्पितळं आहेत, खासगी क्लिनिकं पण आता बरीच झाली. जायच्या आधी फोन करून विचारा की मांजरं बघणारे डॉक्टर कधी असतात. आणि रविवारी, रात्री कोण उपलब्ध असतं त्याचा नंबर आजच लिहून ठेवा, रात्री अकराला शोधायला लागू नये.

लसींचं साधारण असं असतं. तीन आजारांची एकत्र लस (पॅनल्युकोपेनिया म्हणजे लोक ज्याला मांजरांचा पार्वो म्हणतात, आणि सर्दी-डोळ्यांचे दोन व्हायरस, हर्पिस आणि कॅलिसी) पिल्लाला ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होते, मग दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवड्यांचं होईपर्यंत, मग वर्षाने बूस्टर. रेबीजची १२ आठवड्यांनंतर. जंताचं औषध पिल्लांना सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी, मग महिन्याला, मोठ्यांना साधारण तीन महिन्यांनी, डोस वजनावर ठरतो म्हणून अंदाजाने देऊ नका.

इथे एक गैरसमज खूप ऐकते. गोव्यात २०१४ पासून मिशन रेबीज या संस्थेने गावोगाव फिरून कुत्र्यांना लसी दिल्या, २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर पण झालं, मग आता मांजराला रेबीजची लस कशाला? नियंत्रित म्हणजे रोग जगातून गेला असं नाही, आणि मांजर चावलं, बोचकारलं तर डॉक्टर पहिला प्रश्न रेबीजची लस दिलीये का हाच विचारतात. द्याच.

बरोबर न्यायचं: लसीचं कार्ड असेल तर ते, शीचा ताजा नमुना छोट्या डबीत (जंत तपासायला), काय खायला घालता त्याच्या पाकिटाचा मोबाईलवर फोटो, आणि वही. स्कूटरवर नेणार असाल तर कॅरियर बांधून घ्या किंवा मागे बसलेल्या माणसाने दोन्ही हातांनी धरायचा, वर पातळ कापड टाका. मांडीवर किंवा कापडी पिशवीत घालून नेऊ नका, एक हॉर्न पुरतो त्याला उडी मारायला आणि मग हायवेच्या कडेला झाडीत शोधत बसावं लागतं. आमच्या वाड्यावरच्या एका मुलीचं मांजर असं गेलं ते परत मिळालं नाही.

४. नसबंदी टाळू नका

मादी ४-५ महिन्यांतसुद्धा माजावर येऊ शकते, दोन महिन्यांत पिल्लं होतात, आणि पिल्लं पीत असतानाच परत गाभण राहू शकते. साधारण ५-६ महिन्यांला ऑपरेशन करतात, नेमकं कधी ते डॉक्टर वजन बघून सांगतील. बोक्याचं केलं की भांडणं, जखमांचे गळू, भिंतीवर शू उडवणं आणि आठवडाभर गायब होणं बरंच कमी होतं. "एकदा तरी पिल्लं होऊदेत" असं वयस्कर माणसं मायेनेच म्हणतात, पण मादीला त्याची काही गरज नसते, उलट पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर पुढे स्तनांच्या गाठींचा धोका खूप कमी होतो.

ऑपरेशननंतर टाके चाटू द्यायचे नाहीत, गळ्यातला कोन काढायचा नाही. आणि त्याच दिवशी वहीत मोठ्या अक्षरात लिहा की आजपासून खाणं मोजायचं, का ते पुढे सांगते.

५. खाणं: शीत-कढीचं काय करायचं

हा सगळ्यात मोठा भाग आहे, आणि इथेच घरच्यांशी वाद होतात.

मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी. कुत्रा भात-भाकरीवर कसाबसा निभावतो, मांजर नाही. त्याला टॉरिन नावाचं एक द्रव्य लागतं जे फक्त मांस-मासळीत मिळतं आणि ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा खराब होऊन आंधळेपण येतं, हृदय मोठं आणि कमजोर होतं. हे होईपर्यंत महिनेच्या महिने जातात म्हणून खाण्याशी कोणी जोडत नाही. जुनी मांजरं शीत-कढीवर जगली हे खरं, पण ती दिवसभर उंदीर, पाली, पाखरं मारून खायची, आणि किती वर्षं जगली हेही आठवून बघा.

मग नुसती मासळी दिली तर? तेही नाही. रोज फक्त तारले-बांगड्यासारखी तेलकट मासळी दिली तर व्हिटॅमिन ई कमी पडून अंगातली चरबी सुजते, हात लावला तरी दुखतं. काही कच्च्या माशांत व्हिटॅमिन बी-वन नासवणारं एन्झाइम असतं. आणि नुसत्या माशात कॅल्शियमचा हिशोब बसत नाही. म्हणून मासळी ही आठवड्यातून दोनदा, खाऊ म्हणून, आणि द्यायची ती अशी: हळद-मीठ काहीही न लावता पाण्यात उकडलेली, मोठे काटे काढलेली, आणि उकडलेलं पाणी फेकायचं नाही, टॉरिन पाण्यात उतरतं, ते पाणी त्याच बशीत ओतायचं. कढीतला तुकडा नको. त्यात कांदा आणि लसूण असतो आणि दोन्हीने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, थोडं थोडं रोज गेलं तरी. सुकी मासळी मिठामुळे नको. दूध पण नको, बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही, हगवण लागते.

रोजच्यासाठी "कम्प्लीट" लिहिलेलं कॅटफूड घ्या, वर्षाच्या आतल्यांना किटनचं. कोरडं आणि ओलं मिळून द्या. फक्त ओलं परवडत नाही हे मलाही माहितीये, दिवसाला एक पाऊच आणि बाकी कोरडं असं केलं तरी खूप फरक पडतो. कुत्र्याचं खाणं मांजराला चालत नाही, त्यात टॉरिन पुरेसं नसतं.

आता गोव्यातला खास सापळा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ज्यांनी मांजराला फक्त मासळीची सवय लावलेली असते त्यांना जूनमध्ये कळतं की बाजारात नुस्तं (मासळी) नाही आणि असलं तर भाव ऐकून घरचे पण विचार करतात, आणि मांजर तर दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही. मग लोक म्हणतात राहूदे उपाशी, भूक लागली की खाईल. हे मांजराच्या बाबतीत करायचं नाही! मांजर, त्यातही जाडं मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी लिव्हरमध्ये साठते आणि लिव्हर बंद पडायला लागतं, जीव जाऊ शकतो. म्हणून बदल मे महिन्यातच सुरू करा. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवीन आणि बाकी जुनं, मग निम्मं-निम्मं, असं करत ७ ते १० दिवसांत पूर्ण नवीन. वरून उकडलेल्या माशाचं दोन चमचे कोमट पाणी घातलं की बहुतेक मांजरं ऐकतात, वासावर सगळं असतं त्यांचं. आमच्या नुस्तेकान्नीला (मासळीवालीला) मी मे महिन्यात सांगून ठेवते, बाय, बांगड्याची दोन डोकी वेगळी ठेव, ती उकडून त्याचं पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते, जूनभर पुरतं.

६. वजन: किती, कसं मोजायचं, कसं उतरवायचं

आपल्याकडचं साधं देशी मांजर मोठं झालं की साधारण ३ ते साडेचार किलो भरतं, बोके थोडे जास्त. पण आकड्यापेक्षा आधी हात. फासळ्यांवर बोटं हलकेच फिरवा. स्वतःच्या हाताच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवल्यावर हाडं जशी लागतात तशी फासळी लागली तर छान. तळहातावरून फिरवल्यासारखं मऊ लागलं, फासळी शोधावी लागली, तर जाडं. मूठ वळून वरच्या उंचवट्यांवरून फिरवल्यासारखं टोचलं तर बारीक. वरून बघितलं की फासळ्यांमागे कंबर आत गेलेली दिसायला हवी. पोटाखाली चालताना हलणारी कातड्याची झोळी असते ती मात्र बहुतेक सगळ्या मांजरांना असते, ती बघून घाबरून खाणं कमी करू नका.

मोजायचं असं: मांजराला घेऊन काट्यावर उभं राहा, मग खाली ठेवून एकट्याने, वजाबाकी करा. हे काटे शंभर ग्रॅम इकडे-तिकडे दाखवतात म्हणून तीनदा करून मधला आकडा घ्या. लहान बाळांचा काटा कोणाकडे पडून असेल तर मागून आणा, तो सगळ्यात चांगला. पिल्लाचं दर आठवड्याला किचनच्या काट्यावर, टोपलीत बसवून. मोठ्यांचं महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी खाण्याआधी. तारीख, वजन, आणि समोर एक ओळ, भूक कशी, शी कशी, उलटी झाली का.

तांबड्याची गोष्ट सांगते. ऑपरेशनच्या वेळी ४.३ किलो होता, दीड वर्षात ६.१ किलो झाला. नसबंदीनंतर मांजराची कॅलरीची गरज साधारण २० ते ३० टक्के कमी होते आणि भूक मात्र वाढते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मी वाडगा भरून ठेवत होते आणि रिकामा झाला की परत भरत होते. वर तो बल्कावावरून (दारापुढच्या बसायच्या ओट्यावरून) उतरून शेजारच्या काकींकडे जायचा, तिथून मागच्या वयनींकडे, आणि तिन्ही घरांना वाटायचं बिचाऱ्याला आपणच घालतो. मग मी दोघींकडे जाऊन वही दाखवली आणि त्याच्यासाठी रोजचे मोजलेले दहा-दहा दाणे डबीत घालून देऊन आले, म्हटलं आला की हेच घाला. काकी आधी रुसल्या, नंतर त्याच मला विचारायला लागल्या आज किती भरला. दहा महिन्यांत ४.८ वर आला. आता परत कौलांवर चढतो.

हिशोब असा. ४ किलोच्या, नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २४० कॅलरी पुरतात. कोरड्या खाण्याच्या १०० ग्रॅममध्ये बहुतेक ३५० ते ४०० कॅलरी असतात, पाकिटाच्या मागे बघा. म्हणजे नुसतं कोरडं असेल तर दिवसाचे ५५-६० ग्रॅम झाले. एक पाऊच दिला तर कोरडं ४० ग्रॅमच्या आसपास. हे सकाळी काट्यावर मोजून एका डबीत काढून ठेवा आणि दिवसभर कोणी काय घालायचं ते त्या डबीतूनच, चार-पाच वेळा थोडं थोडं. खाऊ एकूण कॅलरीच्या दहाव्या भागाच्या आत.

उतरवताना घाई नको. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे ६ किलोच्या मांजराचे ३० ते ६० ग्रॅम, बस. खाणं एकदम निम्मं केलं तर वर सांगितलेला लिव्हरचा धोका आहे. सुरू करायच्या आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि ध्येयाचा आकडा त्यांनाच ठरवूदेत. सोबत रोज दोनदा दहा-दहा मिनिटं खेळ, काठीला कापडाची पट्टी बांधून पळवा, शेवटी पकडू द्या, आणि लगेच खायला घाला, शिकार केली-खाल्लं-चाटलं-झोपलं हा त्यांचा क्रम आहे आणि असं केलं की रात्री पण शांत झोपतात.

उलट बाजू जास्त महत्त्वाची. तुम्ही काही न करता वजन महिन्याला उतरत असेल, ४ किलोचं मांजर ३.८ वर आलं, तर दोनशे ग्रॅमच तर आहे असं म्हणू नका, आपल्या ६० किलोत ते तीन किलो झाले. पुढच्या आठवड्यात परत मोजा, तेवढंच किंवा कमी असेल तर डॉक्टर.

७. पाणी आणि शू

मांजर मुळात पाणी कमी पितं. ४ किलोच्या मांजराला खाण्यातलं धरून साधारण २०० मिली पाणी लागतं, ओल्या खाण्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, कोरड्यात जेमतेम दहा टक्के. म्हणून पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, खाण्यापासून लांब, लिटरपासून तर लांबच. मे महिन्यात मातीच्या पसरट भांड्यात पाणी थंड राहतं, आमची दोघं त्यातूनच पितात. रोज घासून बदला.

हा भाग बोका असेल त्यांनी नीट वाचा. बोक्याची शूची नळी खूप अरुंद असते, खडे किंवा चिकट स्रावाने ती बंद होऊ शकते. तो परत परत लिटरमध्ये जातो, बसतो, काही येत नाही, ओरडतो, खालची जागा चाटत राहतो, आणि घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय. त्याला तूप पाजत बसू नका. शू पूर्ण बंद झालेला बोका २४ ते ४८ तासांत मरू शकतो. त्याच तासाला निघा, रात्र असो की रविवार.

८. लिटर बॉक्स

मांजरं किती, त्याहून एक जास्त बॉक्स. शांत जागा, वॉशिंग मशीनच्या शेजारी नको. दिवसातून दोनदा खरवडा. खरवडताना बघा, शूने झालेले लिटरचे गोळे किती आणि केवढे, कारण गोळे मोठे आणि जास्त व्हायला लागले तर मांजर जास्त पाणी पितंय, म्हणजे किडनी नाहीतर डायबेटीस तपासायला हवं. मनीच्या वेळी मी हेच बघितलं नव्हतं, ती अंगणात जायची. बॉक्सच्या बाहेर करायला लागलं तर ओरडू नका, आधी शू तपासून घ्या. घरात कोणी गरोदर असेल तर लिटर दुसऱ्याने काढायचं, मांजराच्या शीतून येणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा धोका असतो, मांजर सोडून द्यायची गरज नाही.

९. पावसाळा

जून ते सप्टेंबर आपल्याकडे सगळंच ओलं. कोरडं खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, मोठं पाकीट घेऊ नका, बुरशी लागते आणि ती दिसतही नाही. थोडा जरी कुबट वास आला तर फेका. बेंटोनाइटचं (मातीचं) लिटर हवेनेच चिकट होतं, थोडं कमी घालून लवकर बदला.

कानामागे, तोंडावर, पायावर गोल केस गेलेला चट्टा दिसला तर तो नायटा असू शकतो, बुरशीच असते ती, आणि माणसांना, विशेष करून मुलांना, लागते. माणसांचं मलम लावू नका, मांजर चाटतं. भिजून आलं की टॉवेलने कोरडं करा.

पिसवा-गोचिडीसाठी फक्त मांजराचं औषध. कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं, कुत्र्याला काही होत नाही आणि मांजर थरथर कापायला लागतं, झटके येतात, मरतं. घरात कुत्रा पण असेल तर त्याला ते लावल्यावर मांजराला दोन-तीन दिवस लांब ठेवा.

सापांचे दिवस पण हेच. मांजर साप बघून पळत नाही, खेळतं. नाग नाहीतर घोणस चावल्याची शंका जरी आली, पाय सुजला, लाळ गळतेय, पाय लटपटतायत, तर दोरी बांधणं, कापणं, पाला लावणं काही न करता कॅरियरमध्ये घालून सरळ दवाखान्यात, आणि निघतानाच फोन करून सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे का विचारा.

१०. घरातल्याच गोष्टी ज्या जीव घेतात

पॅरासिटामॉल, एक गोळीसुद्धा. ताप वाटला म्हणून चतकोर गोळी पाजली आणि मांजर गेलं असं मी एकीकडून नाही, तिघांकडून ऐकलंय. माणसांच्या दुखण्याच्या बाकी गोळ्या पण नाहीत. फिनाईलने पुसलेल्या लादीवरून चालून पाय चाटले तरी त्रास होतो, साध्या साबणाच्या पाण्याने पुसा. डांबराच्या गोळ्या, उंदराचं औषध, लिलीची फुलं (फुलदाणीतलं पाणीसुद्धा किडन्या घालवतं).

आणि दोरे. अबोलीच्या फातीचा (गजऱ्याचा) दोरा, शिवणाचा दोरा, गरीला लावलेली नायलॉन. फुलांचा वास म्हणा की खेळ, मांजर गिळतं आणि आतडी गोळा होतात. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, आतून आतडं कापलं जातं. डॉक्टरच काढतील. मासे गरवून आलेल्यांनी गरी लगेच डब्यात बंद करावी, आमिषाचा वास असतो तिला.

११. चवथ आणि दिवाळी

चवथीला (गणेश चतुर्थीला) घर भरलेलं असतं, दारं सारखी उघडी, वर माटोळी (गणपतीवर टांगलेली फळं-पानांची चौकट) लटकलेली आणि खाली मांजर तिच्याकडे टक लावून. फटाके, मग दिवाळीत नरकासुराच्या रात्री पहाटेपर्यंत आवाज. एक आतली खोली ठरवा, पाणी, लिटर, खोका, खिडक्या बंद, पंखा चालू, दारावर कागद लावा की उघडू नका. पाहुणे आले की पहिलं काम हे. गळ्यात नंबर लिहिलेला पट्टा घाला, ओढल्यावर सुटणारा, नाहीतर झाडाला अडकून फास बसतो.

१२. ही लक्षणं दिसली की थांबू नका

- शू होत नाही
- तोंड उघडं ठेवून धाप लागलीये, किंवा झोपेत श्वास मिनिटाला ३० च्या वर (घड्याळ लावून पोट किती वेळा वर-खाली होतं ते मोजा)
- २४ तास काहीच खाल्लं नाही
- मागचे पाय एकदम लुळे, गार पडलेत
- सारख्या उलट्या, झटके, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या

आणि एक जे यादीत बसत नाही: रोज दारात येणारं मांजर आलं नाही, आवडत्या जागी चढलं नाही, अंग चाटायचं बंद केलं. डॉक्टरांना फोन करून "ते नेहमीसारखं वागत नाहीये" एवढं सांगायला लाजू नका.

१३. सात-आठ वर्षांनंतर

वर्षातून एकदा रक्त आणि शू तपासणी, दहाच्या पुढे सहा महिन्यांनी. दात बघून घ्या, तोंडाला घाण वास येणं नॉर्मल नाही, दात दुखतात म्हणून खाणं कमी होतं आणि घरचे म्हणतात चोखंदळ झालंय. सांधे दुखतात तेव्हा लंगडत नाही, फक्त उडी मारायचं सोडून देतं, म्हणून खुर्चीशेजारी एक पाट ठेवा, लिटर बॉक्सची एक बाजू कापून खाली करा, खाणं कोमट करून द्या. आणि या वयात वजन पंधरा दिवसांनी. वही भरली तर जुनी रद्दीत देऊ नका, नवीन वहीबरोबर तीही दवाखान्यात न्या, डॉक्टरांना मागच्या दोन वर्षांचे आकडे लागतात.